रुमाल टाकलेली जागा

गळ्यात टेप नसलेले आबा मी दोनदाच पाहिले, आणि दोन्ही वेळा भानगड बसायच्या जागेची होती. ते सांगेनच. पण आधी टेप असलेले आबा सांगते, कारण तेच जास्त दिवस पाहिलेत.

जळगावात आबांचं शिवणाचं दुकान होतं. दोन मशीन, एक कटिंगचं टेबल, इस्त्री, आणि मागच्या भिंतीला टेकून मी. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पुढचं जे काही आलं ते त्या भिंतीला टेकून आलं. काज करायचे, बटणं लावायची, तुरपाई करायची आणि कापडाच्या कडा सुटू नयेत म्हणून हाताने बांधत बसायचं, हे माझं काम. आबा मला नावाने हाक मारत नसत. "बटण खातं, हा कोट घे," म्हणायचे. जसं काही मी एकटी नव्हे, माझ्या हाताखाली दहा माणसं आहेत.

आबांची नजर म्हणजे टेपच. गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की ते नमस्कार करायच्या आधी कंबर सांगत. "या भाऊ. छत्तीस. मागच्या दिवाळीला चौतीस होती." पण खरं वेड त्यांना होतं ते बसायच्या जागेचं. कुठेही गेले की आधी खुर्ची मोजणार, मग बसणार. एकदा आम्हा सगळ्यांना त्यांनी सिनेमाला नेलं. तिकिटं खालची. इंटरव्हलला गायब. पाहते तर वर बाल्कनीत टेप लावून खुर्च्या मोजताहेत. वरूनच ओरडले, "अर्धा इंच कमी शे भो वर! जास्त पैसे देऊन अर्धा इंच कमी!" बाल्कनीतले लोक आपापल्या खुर्चीकडे संशयाने बघायला लागले. थेटरवाल्याने त्यानंतर त्यांना टेप बाहेर काढून ठेवायला लावला म्हणतात, ते खरं नाही. ते काढून ठेवणारच नव्हते.

लेकीच्या लग्नात तर कहर. नवरदेवाची ती लाल मखमलीची खुर्ची मांडवात आली, आणि वधूपिता गुडघ्यावर बसून तिची रुंदी घेतोय! व्याह्यांना वाटलं काही विधी असेल. त्यांनी हात जोडले.

आबांचं एक तत्त्व होतं. "जागा म्हणजे कापड. माणसाला लागतं तेवढंच घ्यावं. वरचं कापड गुंडाळून काखेत धरून फिरायचं का?" म्हणून रेल्वेचा वरचा वर्ग नको, निमआराम बस नको. "निमआराम गाडी अन् साधी गाडी, दोन्ही पारोळ्याला थांबतात की नाही? एरंडोलला थांबतात की नाही? मग पुढचे पैसे कशाचे?" मी एकदा म्हटलं, "आबा, मऊ असते हो सीट." तर म्हणे, "मऊ तर कापूसही असतो. आपल्या जिल्ह्यात रस्त्याला पडलाय."

दुसरं तत्त्व धंद्याचं. ट्रायलला माणूस आरशापुढे उभा राहतो आणि भिडेखातर म्हणतो, छान झालंय. आबा त्याच्या तोंडाकडे बघतच नसत. काखेत, पाठीवर, मांडीवर कापडाला कुठे चुणी पडते तेवढं बघायचे. "तो काय म्हणतो ते ऐकू नको, बटण खातं. चुणी काय म्हणते ते बघ. माणूस भीड धरतो. कापड नाही धरत."

आता त्या रुमालाचं सांगते. बस लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, हे तर सगळेच करतात. पण रुमाल हलका. वाऱ्याने भलत्याच सीटवर जातो, किंवा खिडकीच्या दांड्याला लटकतो, आणि आतला माणूस म्हणतो, कुठाय रुमाल? आबांनी त्यावर उपाय काढला. कोटाचं जाड बटण रुमालाच्या एका कोपऱ्यात शिवून आत बंद करायचं. मीच शिवून दिलं होतं, चौपदरी धाग्याने. मग तो रुमाल असा सुटायचा की चालत्या गाडीतही बरोबर खिडकीजवळच्या जागेवर जाऊन पडायचा. जळगावच्या स्टँडवर लोक आबांचा नेम बघायला थांबायचे.

अक्का म्हणजे आबांच्या बायको, सोनगीरच्या. बारीक, काटक, आणि बोलणं माहेरचं ते शेवटपर्यंत माहेरचंच. सोनगीरहून दोघं परत येत होते. धुळ्याच्या स्टँडवर निमआराम गाडीला अर्धा तास होता, तेवढ्यात साधी लागली. आबांनी रुमाल टाकला. नेम बरोबर. गर्दीतून आत घुसून ते जागेवर जाऊन बसले, आणि शेजारची जागा हाताने झाकून अक्कांची वाट बघायला लागले. अक्का हातात भरताची वांगी आणि हरभऱ्याची डाळ असं गाठोडं घेऊन पायरी चढत होत्या. गाडी उभीच होती. कोणी मुद्दाम ढकललं नाही, काही नाही. रेटारेटीत पाय सुटला आणि गुडघ्यावर पडल्या. बाहेर आरडाओरडा झाला तो आबांना ऐकू गेला. पण त्यांना वाटलं, जागेवरून भांडण चाललंय. म्हणून त्यांनी शेजारची जागा आणखी घट्ट धरली.

दवाखान्यात मी गेले तेव्हा टेप नव्हता गळ्यात. ती पहिली खेप.

गुडघा जुळला, पण वाकेनासा झाला. काठीसारखा सरळ पाय. अक्का चालायच्या, स्वयंपाक करायच्या, पण बसायचं म्हटलं की समोर हातभर मोकळी जागा हवी. आबा त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. रुमाल टाकणं मात्र बंद झालं. तो बटणाचा रुमाल अक्कांनी स्वतःच्या पिशवीत ठेवून दिला. आणि आबांची खुर्च्या मोजण्याची खोड? ती दुप्पट वाढली. आता काय म्हणावं अशा माणसाला.

पुढे सातआठ वर्षांनी लेक कुंदा मद्रासला. जावई तिकडे कंपनीत. तिला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, पलंगावरून हलायचं नाही. म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणं संपलं. तिला सासू नाही. अक्कांनीच जायचं, आणि महिन्याभरात जायचं. रेल्वेने दोन दिवस. त्या पायाने गाडीतल्या संडासात बसणं अशक्य, मग अक्का काय करतात, तर गाडीतून उतरेपर्यंत खायचं-प्यायचंच सोडतात. हे त्या एकदा मुंबईला जाताना करून बसल्या होत्या. तेव्हा विमान. मुंबईहून दोन तास. जावई म्हणाले, तिकिटं मी पाठवतो. पण लेकीच्या घरचं पाणी पितानाही विचार करणारा माणूस, तिकीट कुठला घेतोय?

आबांनी पैसे काढले. ते साठवलेले होते ओव्हरलॉक मशीनसाठी. ते मशीन आलं की कापडाच्या कडा आपोआप बांधल्या जातात. म्हणजे माझी सुटका. माझी बोटं तेव्हा सकाळी मुठीत मिटायची नाहीत. साध्या तिकिटांनंतरही मशीनपुरते पैसे उरत होते. पण एजंटने सांगितलं, की विमानात पुढे मोठ्या जागाही असतात, आणि आबांचं डोकं फिरलं.

"गुडघ्यापुढे किती इंच?" आबांनी विचारलं.

एजंट म्हणाला, "साहेब, कम्फर्टेबल असतं."

"कम्फर्टेबल किती इंच?"

यावलचे एक केळीवाले भाऊ आमचं जुनं गिऱ्हाईक. ते दिल्लीला पुढच्या जागेवर बसून जाऊन आले होते, आणि ते साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. आबांनी त्यांना ट्रायलला उभं केलं आणि तोंडात टाचण्या धरूनच चौकशी सुरू केली.

"काय असतं हो भाऊ पुढे?"

"आबा, बसल्याबरोबर गरम रुमाल देतात. चिमट्याने! तोंड पुसायला."

"तोंड घरून पुसून जाता येतं. पुढे?"

"मग पडदा ओढतात. मागच्यांना आपण दिसत नाही."

"पडदा कशाचा? टेरिकॉट का सुती?"

"आता ते काय मी हात लावून पाहिलं?"

"बरं, जागा कशी?"

"अहो पाय ताणून असा झोपलो, दिल्ली आली ते कळलंच नाही!"

आबांनी टाचण्या काढल्या. "बसल्याचं कळलंच नाही? मग पैसे कशाचे दिले?"

भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही इथे दिवसभर कशा बसता हो?"

आबांनी मग टेपचा एक तुकडा कापून पाकिटात घालून मद्रासला जावयांना पाठवला. कंपनीच्या कामाने ते विमानाने जात-येत. पुढच्या खेपेला मोजून कळवा. गरीब बिचारे जावई! त्यांनी खरंच मोजलं. पत्रात लिहिलं होतं, की हवाईसुंदरीने दोनदा विचारलं, साहेब, तुमचं काही हरवलंय का. मागची जागा रुंदीला सतरा इंच, सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत एकतीस. पुढची वीस आणि अडतीस.

आबांनी अक्कांचा पाय मोजला. माप लिहिलं. कटिंगच्या टेबलावर खडूने आखलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "सरळ घेतला तर बसत नाही. पण उरेब घेतला तर बसतो." उरेब म्हणजे कापड तिरकं घेणं. गळपट्टीला घेतात तसं. बायकोचा पाय उरेब घेणारा शिंपी मी तरी दुसरा पाहिला नाही.

"पण नुसत्या कागदावर कापड कापू नये," आबा म्हणाले. "ट्रायल घेऊ."

आणि आमच्या दुकानात विमान उतरलं. दोन खुर्च्या मागे-पुढे, फरशीवर खडूच्या रेघा, पाठीपासून पाठीपर्यंत एकतीस इंच. दोन्ही बाजूंना कापडाचे तागे उभे करून सतरा इंच रुंदी पक्की केलेली. बाजूने वाट आखलेली, कारण विमानात मधून वाट असते असं जावयांनी कळवलं होतं. अक्का प्रवासी. मी पलीकडे स्टुलावर शेजारची प्रवासी, आणि मध्येच उठून चहाचा ट्रे घेऊन वाटेतून जाणारी हवाईसुंदरीसुद्धा. वेळ सकाळी दहा ते बारा, भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. समोरचा सलूनवाला गिऱ्हाईकाच्या गालाला साबण लावून तसाच दारात येऊन उभा.

"काय आबा, कुठे चाललं विमान?"

"मद्रास. तू उतर खाली, पायरीवर उभं राहू देत नाहीत."

पहिला अर्धा तास हसण्यात गेला. मग लोक पांगले. आबा कटिंग करायला लागले. पण मी शेजारी होते ना. अक्कांचा पाय तिरका वाटेत आलेला. ट्रे घेऊन गेले की त्यांना तो दोन्ही हातांनी उचलून आत घ्यावा लागे, आणि आत घेतला की नडगी पुढच्या खुर्चीच्या दांड्यावर. एक तास झाला तशा त्या बोलायच्या थांबल्या. डाव्या हाताच्या मुठीत पदराचं टोक धरलं होतं, ते पिळत होत्या. कपाळावर घाम.

मी हळूच म्हटलं, "अक्का, सांगू का त्यांना?"

"काय बी सांगू नको," अक्का ओठ न हलवता म्हणाल्या. "पोर वाट देखी राहिनी. तुनं मशीन येवाले पाहिजे ना? मना पाय शे, मी देखी लिसू." पाय त्यांचा, त्या बघून घेणार; मशीन मात्र माझं यायला हवं.

बारा वाजले. आबा खडू ठेवून आले. "काय?"

"बठ्ठं ठीक शे," अक्का हसून म्हणाल्या. "अजून दोन तास बठी राहसू."

आबा माझ्याकडे वळले. "बटण खातं?"

मी काय केलं सांगू? ट्रेमधल्या कपबशा गोळा करायला लागले. पुढे मी स्वतःला सांगितलं, की अक्कांनी शब्द घेतला होता. खरंच घेतला होता. पण ओव्हरलॉक मशीनही माझ्या डोळ्यांपुढे होतंच, हे आज इतक्या वर्षांनी लपवून काय करू? आबा म्हणाले, "झालं तर मग. उद्या सकाळी साधी दोन काढतो." आणि त्यांनी फरशीवरच्या रेघा ओल्या फडक्याने स्वतःच पुसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा निघण्याच्या तयारीत. जाण्याआधी इस्त्रीचे दोन कपडे उरकावेत म्हणून टेबलाशी उभे राहिले. घरच्या ढिगाऱ्यात अक्कांचं कालचं सुती लुगडं होतं. अंग झालं, काठ झाले, पदर आला. आबांनी इस्त्री फिरवली. परत फिरवली. पाणी शिंपडून फिरवली. पदराच्या टोकाला वीतभर भागात अशा चुण्या पडल्या होत्या, की वाळलेल्या चिंचेच्या शेंगेसारखं कापड गोळा झालेलं. काही केल्या सपाट होईना.

आबा त्या चुण्यांकडे बघत राहिले. मी मान खाली घालून बटण लावत होते, आणि एकाच भोकातून तीनदा सुई घातली.

"बटण खातं, ती काल काय म्हणाली?"

"ठीक आहे म्हणाल्या."

"तू शेजारीच होतीस."

मी दातांनी धागा तोडला.

"हं," आबा म्हणाले. त्यांनी इस्त्री उभी केली. गळ्यातला टेप काढून त्या पदरावर ठेवला, टोपी घातली आणि गेले. ती दुसरी खेप.

दुपारी आले ते दोन तिकिटं घेऊन. एक पुढचं, एक मागचं. माझ्यापुढे टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ट्रायल फेल." मशीनचं नाव त्यांनीही काढलं नाही, मीही नाही.

संध्याकाळी केळीवाले भाऊ सदरे न्यायला आले. "आबा, एकाच विमानात नवरा-बायको वेगवेगळे? अहो घ्या की दोन्ही पुढची. वाटल्यास पैसे मी देतो, मागून फेडा."

"कशाला? माझा गुडघा वाकतो," आबा म्हणाले.

भाऊंनी मग निदान मुंबईपर्यंत स्वतःची गाडी दिली. मागच्या सीटवर अक्का पाय लांब करून, पुढे आबा मांडीवर केळ्यांची फणी घेऊन. आम्ही सगळे दारात. सलूनवाला म्हणाला, "अक्का, गरम रुमाल मिळाला तर घेऊन या, मला धंद्याला लागेल." अक्का म्हणाल्या, "मना रुमाल शे मनाजोडे," आणि पिशवी थोपटून दाखवली. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

महिन्याभराने आबा एकटेच परतले. रेल्वेने, साध्या डब्यात, खिडकीजवळ. नात झाली होती, दोघी सुखरूप. अक्का आणखी तीन महिने तिकडेच राहणार होत्या. पेढे वाटून झाले. गल्लीतल्या प्रत्येकाने एकच विचारलं, "आबा, परवडलं का पुढचं तिकीट?" आणि आबा प्रत्येकाला सांगत होते, "नाही परवडलं. अर्धं वाया गेलं."

लोक हसून जात होते. पैसे आबांच्या खिशातले, आबांना असं वाटणारच. पण मला चैन पडेना. माझी बोटं अजून कडा बांधत होती, तेव्हा निदान मला तरी हिशेब कळायला हवा होता. दुकान रिकामं झालं तसं मी विचारलं, "अर्धं वाया म्हणजे काय हो आबा?"

त्यांनी कात्री खाली ठेवली.

"विमान उतरलं. पुढचे लोक आधी उतरतात. मग पडदा काढला. मी मागून आलो तर ती बसलेली होती, सगळे जाऊ देत म्हणून. पाय सरळ पुढे, झकास. तोंडावर काही नाही. पण मी तोंडाकडे कशाला बघतोय? मी जागेकडे बघितलं. वीस इंच रुंद जागा, बटण खातं. आणि चुण्या कुठे, तर खिडकीकडच्या दहा इंचात. बाई दोन तास अर्ध्या जागेवर चोरून बसली होती. बसमध्ये बसते तशी. उरलेला अर्धा भाग कोरा करकरीत, जसा कारखान्यातून आला तसा."

"आणि?"

"आणि त्याच्यावर रुमाल टाकलेला."

"कोणता?"

"कोणता म्हणजे? तू बटण शिवलेला. मी विचारलं, हे काय? तर म्हणते, ती ट्रेवाली पोरगी दोनदा उचलायला आली, मी उचलू नाही दिला. माणूस येतोय म्हटलं."

मी बटणांचा डबा उघडला आणि उगाच बंद केला. आबा दाराबाहेर बघत होते.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? रुमाल टाकलेली जागा आपली. बसलो."

"त्या अर्ध्यावर?"

"दोघांच्या कंबरा मोजल्यात मी. बसतो."

"अहो पण शेजारची सीट रिकामी झाली असेल ना तोवर?"

"झाली होती. पण तिचं तिकीट कुठं होतं आपल्याकडे?"

मागे लोक खोळंबले असतील, असं मी म्हटलं. "असतील," आबा म्हणाले. "मी मागे बघितलं नाही. कोणी आरडाओरडाही करत असेल. पण या खेपेला ती शेजारीच होती."

मग त्यांनी टेप गळ्यात सारखा केला, कापड पुढे ओढलं आणि खडू शोधायला लागले. खडू त्यांच्या कानावरच होता. मी सांगितलं नाही.